लाईट गेली की शेवटची नोंद अर्धवट: पर्सिस्टंट मेमरीतला पुन्हा पुन्हा परतणारा दोष

आधी लक्षण सांगतो, म्हणजे हे आपल्या कामाचं आहे की नाही ते वाचणाऱ्याला लगेच कळेल.

मशीन धडधाकट आहे. लिनक्स कर्नल, मेमरीच्या खोबण्यांत इंटेलच्या ऑप्टेनचे १२८ जीबीचे दोन पर्सिस्टंट मॉड्यूल, म्हणजे वीज गेली तरी लिहिलेलं न विसरणारी मेमरी, आणि त्यांच्यावर नोंदी लिहिणारा कर्नल मॉड्यूल आमचा स्वतःचा. वीज जाते, परत येते, मशीन उठतं. लॉग वाचायला घेतला की शेवटची एखाद-दुसरी नोंद वरून अगदी नीट दिसते. अनुक्रमांक बरोबर, लांबी बरोबर, पण पोटातला एक तुकडा जुना. तिथे शून्यं नसतात, कचराही नसतो. आमचा लॉग रिंगसारखा आहे, शेवटाला पोचला की पुन्हा पहिल्या जागेपासून लिहितो; त्या रिंगच्या मागच्या फेरीतला, म्हणजे आदल्या रात्रीचा, अगदी खरा वाटणारा आकडा असतो. कर्नलच्या लॉगमध्ये तक्रारीची एक ओळ नाही. ऑप्टेन मॉड्यूलची तब्येत विचारली तर ठीक. प्रोसेस मारून पाहिली, मशीन रीबूट करून पाहिलं, तरी काही बिघडत नाही. खरोखर लाईट गेली तरच हे घडतं, आणि तेही दर वेळी नाही.

आम्ही फोंड्यात बसतो. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शीतगृहाच्या कॉम्प्रेसरांची कंपनं आणि तापमान टिपून ठेवायचं काम आमच्याकडे आहे. नोंदी भराभर येतात, आणि प्रत्येक नोंद 'साठवली' असं आम्ही कळवल्याशिवाय पलीकडचा कंट्रोलर पुढचं पाऊल टाकत नाही. डिस्कपर्यंतची ये-जा परवडत नव्हती म्हणून पर्सिस्टंट मेमरी घेतली. गोव्यात मृगाचा पाऊस लागला की माडाचं चुडत तारेवर पडायला वेळ लागत नाही. जनरेटर भार उचलेपर्यंतचे सेकंद यूपीएसने काढायचे, पण दमट हवेत दोन पावसाळे खाल्लेल्या बॅटऱ्या भार आला की बसतात. त्यामुळे मशीनची वीज खरी तुटते ती जून ते सप्टेंबर, आणि दोषही त्याच दिवसांत वर येतो. उन्हाळ्यात सगळं गुण्यागोविंदाने चालतं आणि आपण दोष गेला असं समजून बसतो.

हा दोष आमच्याकडे तीनदा परतला. तिन्ही वेळा चेहरा तोच, कारण वेगळं. हे लिहायचं मुख्य कारण असं की तिन्ही वेळा खरं कारण ज्या गोष्टीने दाखवलं ती अगदी साधी होती: जुन्या तुकड्याची लांबी. बाइट मोजा. लेखन वाटेत कुठे अडकून राहिलं ते त्या आकड्यावरून कळतं.

पहिली वेळ: तुकडा ६४ बाइटांचा

जूनमधली रात्र. ऑप्टेनचं मॉड्यूलच खराब झालं असेल असं धरून दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी नोंदीचे बाइट कागदावर उतरवून घेतले. आमचा एक कप्पा तेव्हा १९२ बाइटांचा होता: सुरुवातीचे ८ बाइट अनुक्रमांक, बाकी मजकूर. ० ते ६३ नवे. ६४ ते १२७ जुने. १२८ ते १९१ पुन्हा नवे. पेन्सिलीने दोन आडव्या रेघा मारल्या आणि दोन्ही रेघा बरोबर कॅशे-ओळीच्या हद्दीवर पडल्या. (कॅशे म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली छोटी वेगवान मेमरी, आणि ती ६४ बाइटांच्या ओळींनी काम करते.) मॉड्यूल बिघडला असता तर तो प्रोसेसरच्या कॅशेची हद्द पाहून बिघडला नसता.

आमचा कोड तेव्हा असा होता (फ्लश म्हणजे कॅशेतल्या ओळी खाली मेमरीकडे पाठवणं; डब्ल्यूएमबीच्या दोन्ही ओळी म्हणजे बॅरियर, लेखनांचा क्रम राखायला घातलेले अडसर):

मजकूर कप्प्यात उतरव
एसएमपी-डब्ल्यूएमबी
अनुक्रमांक लिही
सगळे १९२ बाइट फ्लश कर
पीमेम-डब्ल्यूएमबी
'साठवली' कळव

वाचताना यात काही खुपत नाही. मजकूर आधी, मग बॅरियर, मग अनुक्रमांक. कर्नलमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा हात आपोआप असाच चालतो, आणि घात तिथेच होतो. एसएमपी-डब्ल्यूएमबी ज्या क्रमाची हमी देतो तो दुसऱ्या प्रोसेसरला दिसणारा क्रम असतो. एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर, स्टोअर (मेमरीत लिहिणाऱ्या इन्स्ट्रक्शन) तसेही क्रमानेच दिसतात, म्हणून तिथे हा बॅरियर म्हणजे कंपायलरला घातलेली नुसती ताकीद आहे, त्यातून एकही इन्स्ट्रक्शन निघत नाही. दिसण्याचा क्रम कॅशेत ठरतो. टिकण्याचा क्रम कॅशेतून बाहेर पडताना ठरतो. या दोन क्रमांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीची वाट पाहणारी माणसं डोळ्यांसमोर आणा. धक्क्यावर कोण आधी आलं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण बोटीत कोण आधी चढेल ते त्या क्रमाने ठरत नाही. मागून आलेला स्कूटरवाला फटीतून पुढे निघून जातो. एकदा बोटीत चढला तो मात्र पलीकडे पोचणारच. बोटीकडे स्वतःचं डिझेल आहे, गावातली लाईट गेली म्हणून ती नदीत थांबत नाही. धक्का म्हणजे कॅशे. बोट म्हणजे मेमरी कंट्रोलरमधली लेखनाची रांग. या मॉड्यूलांच्या प्लॅटफॉर्मवर एडीआर नावाची सोय असते: वीज तुटल्याचा इशारा मिळाला की पॉवर सप्लायमध्ये उरलेल्या ऊर्जेवर ही रांग मॉड्यूलमध्ये रिकामी केली जाते. रांगेत शिरलेलं वाचतं. कॅशेत राहिलेलं जातं. आणि कॅशे आपली ओळ केव्हा बाहेर ढकलेल याचा भरवसा नाही. जागा लागली की ती कुठलीही ओळ काढते, आपल्या फ्लशची वाट पाहत नाही.

आमच्या बाबतीत अनुक्रमांकाची ओळ बोटीत चढली, तिसरी चढली, मधली धक्क्यावर राहिली, आणि तेवढ्यात लाईट गेली. शेवटी सगळे १९२ बाइट फ्लश करणारी कोडची जी ओळ आहे तीही इथे कामाची नाही. सीएलडब्ल्यूबी ही इन्स्ट्रक्शन ६४ बाइटांची एकच ओळ खाली पाठवते. तीन ओळींसाठी तीन वेळा दिली, तरी त्या तिघींमध्ये आपापसात क्रम नाही. क्रम लागतो तो पुढे एसफेन्स ही अडसराची इन्स्ट्रक्शन (थोडक्यात फेन्स) आल्यावर, आणि तो आमच्याकडे शेवटी एकदाच येत होता.

दुरुस्त केलेला कोड:

मजकूर कप्प्यात उतरव
तिन्ही ओळी फ्लश कर
पीमेम-डब्ल्यूएमबी
अनुक्रमांक लिही, ८ बाइट एकाच स्टोअरने
त्याची एक ओळ फ्लश कर
पीमेम-डब्ल्यूएमबी
'साठवली' कळव

फ्लश म्हणजे कर्नलचं आर्च-डब्ल्यूबी-कॅशे-पीमेम हे फंक्शन. एक्स८६ वर ते हद्दीतल्या प्रत्येक ओळीला सीएलडब्ल्यूबी देतं, आणि पीमेम-डब्ल्यूएमबी म्हणजे तिथे एसफेन्स. अनुक्रमांकाचं स्टोअर राइट-वन्सने केलं, नाहीतर कंपायलर ते दोन तुकड्यांत फोडायला मोकळा असतो. ८ बाइटांच्या हद्दीवर बसलेलं ८ बाइटांचं स्टोअर वीज गेली तरी फाटत नाही: एक तर जुनं राहतं, नाहीतर नवं. सगळी रचना या एका गोष्टीवर उभी आहे. त्याहून मोठं काहीही, अगदी १६ बाइटसुद्धा, अखंड राहील असं धरू नका.

इथे पुष्कळ जण विचारतात की चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, घातला असता तर एक फेन्स वाचला नसता का? वाचला असता. मजकूर, अनुक्रमांक, चेकसम सगळं लिहायचं, फ्लश करायचं, एकच फेन्स द्यायचा, आणि उठल्यावर चेकसम जुळला नाही तर नोंद टाकून द्यायची. रचना खरी आहे, वापरातही आहे. पण मग क्रमाचा दोष असला तरी दिसत नाही. फाटलेली नोंद गुपचूप टाकली जाते. ती नोंद आपण 'साठवली' म्हणून आधीच कळवलेली असेल तर तो विश्वासघात आहे. आम्ही आता दोन्ही ठेवतो. क्रम बरोबर असावा म्हणून फेन्स, आणि मॉड्यूलमधलाच एखादा बिट बिघडला तर कळावं म्हणून चेकसम.

दुसरी वेळ: तुकडा ६४ पेक्षा लहान

जुलै, ऑगस्ट नीट गेले. मग चवथीच्या आदल्या दिवशी, अर्धं ऑफिस गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं सामान घ्यायला बाजारात गेलेलं असताना, कुंडईहून फोन आला. पुन्हा तसंच. या वेळी जुना तुकडा ३२ बाइटांचा, एका ओळीच्या उत्तरार्धात. कॅशे-ओळ अर्धी कधी जात नाही, ती सबंध जाते. म्हणजे हे लेखन कॅशेतून गेलेलंच नव्हतं.

महिन्याभरापूर्वी आमच्यातला धाकटा म्हणाला होता, "दादा, मजकूर उतरवायचा आणि मग परत तीन ओळी फ्लश करत फिरायचं, असं दोनदा कशाला? मेमसीपीवाय-फ्लशकॅशे आहे ना, ते उतरवतानाच फ्लश करतं." बदल मीच तपासला आणि मीच होकार दिला. फ्लश आता आत होतोय म्हणून आधीची फ्लशची ओळ काढली, आणि तिच्या शेजारचा फेन्सही त्याच झटक्यात गेला. चूक फेन्स काढण्यात होती. ते फंक्शन वापरण्यात काही वावगं नव्हतं.

ते फंक्शन एक्स८६ वर करतं काय, तर मजकुराचा बहुतेक भाग नॉन-टेम्पोरल स्टोअरने लिहितं. ही स्टोअर कॅशेला वळसा घालून राइट-कम्बायनिंग बफरांत जमतात आणि तिथून खाली जातात. हद्दीवर न बसणारे सुरुवातीचे आणि शेवटचे बाइट साध्या स्टोअरने लिहून त्यांच्या ओळी फ्लश केल्या जातात. पण नॉन-टेम्पोरल स्टोअर एक्स८६ च्या नेहमीच्या शिस्तीत बसत नाहीत. त्यांच्यानंतर केलेलं साधं स्टोअर त्यांच्याआधी पुढे जाऊ शकतं, आणि अर्धवट भरलेला बफर तुकड्या-तुकड्यांनी खाली जाऊ शकतो. ३२ बाइट तिथून आले. या फंक्शनच्या नावात 'फ्लश' आहे, 'फेन्स' नाही, आणि पोटातही नाही.

कर्नलचा स्वतःचा पीमेम ड्रायव्हर पाहिला असता तर हे तेव्हाच कळलं असतं. तोही प्रत्येक लेखनाला हेच फंक्शन वापरतो, आणि फेन्स मुद्दाम पुढे ठेवतो: वरून प्रीफ्लश किंवा एफयूए मागणारी, म्हणजे 'टिकल्याची खात्री करून कळव' अशी, विनंती आली की एनव्हीडिम-फ्लश बोलावतो, आणि फेन्स त्यात आहे. डिस्कशी जो करार तोच इथे पाळला जातो. लिहिणं वेगळं, 'टिकलं' म्हणणं वेगळं. आम्ही मेमसीपीवाय-फ्लशकॅशे ठेवलं, त्याच्यामागे पीमेम-डब्ल्यूएमबी परत घातला, आणि त्या ओळीवर टीप लिहिली की हा फेन्स खालच्या अनुक्रमांकासाठी आहे. प्रत्येक फेन्सच्या डोक्यावर तो कुठल्या दोन लेखनांच्या मध्ये उभा आहे ते लिहायचं, ही सवय तेव्हापासून लागली. कारण लिहून ठेवलेला फेन्स सहसा कोणी काढत नाही.

तिसरी वेळ: तुकडा ४०९६ बाइटांचा

पुढच्या पावसाळ्यात नोंदणीचं काम एका व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवलं. गेस्टमध्ये (आतल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये) पीमेम-शून्य हे पर्सिस्टंट मेमरीचं उपकरण दिसत होतं, आमचा मॉड्यूल चढला, सगळ्या चाचण्या पास. वीज जाण्याच्या पहिल्याच मोठ्या खंडानंतर एक-दोन नव्हे, वीसेक नोंदी सलग जुन्या निघाल्या, आणि जुन्या भागाची सुरुवात आणि शेवट दोन्ही ४०९६ च्या पटीत. ४०९६ हा मेमरीच्या पानाचा आकार आहे. म्हणजे वाटेत कुठेतरी पेज कॅशे, फाइलींची पानं साध्या मेमरीत धरून ठेवणारी कर्नलची सोय, होती.

ती यजमान मशीनवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन ज्याच्यावर चालतं त्या खऱ्या मशीनवर, होती. गेस्टला दिलेलं उपकरण व्हर्टआयओ-पीमेम जातीचं होतं आणि त्याच्यामागे यजमानाच्या डिस्कवरची साधी फाइल. गेस्टमधला सीएलडब्ल्यूबी आणि एसफेन्स इमानाने चालत होते, पण ते लेखन यजमानाच्या साध्या डीरॅममधल्या, म्हणजे वीज गेली की विसरणाऱ्या मेमरीतल्या, पेज कॅशेपर्यंतच पोचवत होते. पुढे डिस्कवर उतरायचं तर गेस्टने यजमानाला फ्लशची विनंती पाठवावी लागते, आणि यजमान त्या फाइलवर एफसिंक करतो, म्हणजे ती डिस्कवर उतरवतो. कर्नलला हे ठाऊक आहे. एनव्हीडिम-फ्लश बोलावलं की या जातीच्या उपकरणासाठी तीच विनंती जाते. फाइल सिस्टिमलाही ठाऊक आहे. अशा उपकरणावर कोणी मॅप-सिंकने, म्हणजे नुसत्या फ्लशने लेखन टिकेल अशी हमी मागून, फाइल मॅप करायला गेलं तर ईएक्सटी४ आणि एक्सएफएस सरळ नकार देतात. आमचा मॉड्यूल मात्र फाइल सिस्टिमला वळसा घालून थेट मेमरीवर लिहीत होता आणि फेन्सही स्वतः देत होता, म्हणून तो नकार आमच्यापर्यंत पोचलाच नाही.

यावर उपाय दोन. एक, नोंदींचा गठ्ठा झाला की ब्लॉक उपकरणाला फ्लशची विनंती द्यायची आणि ती पुरी झाल्यावरच 'साठवली' कळवायचं. हे बरोबर आहे, पण दर फ्लशला यजमानापर्यंत फेरी आणि एफसिंक, म्हणजे डिस्कचाच वेग. दुसरा, यजमानाकडे खरी पर्सिस्टंट मेमरी असेल तर तिच्यावरच्या डॅक्स (पेज कॅशे टाळून थेट मेमरीवर चालणाऱ्या) फाइल सिस्टिममधली फाइल गेस्टला एनव्हीडिम उपकरण म्हणून द्यायची, व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयूच्या मेमरी बॅकएंडला शेअर आणि पीमेम हे दोन्ही पर्याय चालू ठेवून. मग गेस्टमधला फ्लश खऱ्या मॉड्यूलपर्यंत जातो. आम्ही दुसरा घेतला. एक सावधगिरी मात्र ठेवा: एनव्हीडिम उपकरणामागे साधी फाइल ठेवली तरी गेस्ट तिला खरी पर्सिस्टंट मेमरीच समजतो आणि कोणीच तक्रार करत नाही. मागे काय आहे ते यजमानावर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागतं.

चाचणीत हे सापडत का नाही

पहिल्या वेळेनंतर आम्ही लिहिणारी प्रोसेस शेकडो वेळा मारली. एकदाही नोंद फाटली नाही, आणि त्यावर आम्ही विश्वास ठेवला. तो चुकीचा होता. प्रोसेस मेली तरी कॅशे जिवंत असते. तिच्यातल्या ओळी सावकाश खाली उतरतात आणि पुढे वाचणाऱ्याला सगळं जागच्या जागी मिळतं. गेस्ट मशीन बंद करून चालू करण्याचंही तेच. अशी चाचणी लाख वेळा पास झाली तरी क्रमाबद्दल ती काहीच सांगत नाही. बूट करताना मेममॅप पॅरामीटरने साध्या डीरॅमचा तुकडा पर्सिस्टंट म्हणून राखून ठेवता येतो. ड्रायव्हर चढतो का, वाटा चालतात का हे बघायला तो उत्तम आहे, पण क्रम त्यातूनही कळत नाही.

मशीनच्या वायरीत टायमर लावून रात्रभर खरी वीज तोडूनही पाहिली. एका रात्रीत चाळीसेक खंड, त्यात एक फाटलेली नोंद. ज्या दोषाची खिडकी एवढी अरुंद, तो गेला की नाही हे असल्या चाचणीने सिद्ध होत नाही.

खरी मदत झाली ती हिशेबाची. युजर स्पेसमध्ये हेच काम वॅलग्रिंडवर चालणारं पीमेमचेक करतं: कुठलं स्टोअर फ्लश न होताच राहिलं ते दाखवतं. पर्सिस्टंट मेमरीसाठीची पीएमडीके लायब्ररी वापरत असाल तर तिथूनच सुरुवात करा. कर्नल मॉड्यूलसाठी आम्ही एक लहान नोंदक लिहिला. मॉड्यूलचं प्रत्येक स्टोअर, प्रत्येक फ्लश, प्रत्येक फेन्स तो क्रमाने टिपतो. मग दोन फेन्सच्या मध्ये वीज गेली असती तर मेमरीत काय काय उरू शकलं असतं, ती प्रत्येक अवस्था तयार करतो आणि तिच्यावर आमचा रिकव्हरीचा, म्हणजे उठल्यावर लॉग वाचून सावरणारा, कोड चालवून बघतो.

आमच्या पहिल्या कोडसाठी हा हिशेब हाताने होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या प्रत्येकी दोन अवस्था, जुनी किंवा नवी. पहिल्या ओळीच्या तीन: जुनी, मजकूर नवा पण अनुक्रमांक जुना, किंवा दोन्ही नवे. एकूण १२. त्यांतल्या ज्यांत अनुक्रमांक नवा पण दुसरी किंवा तिसरी ओळ जुनी अशा ३, आणि आमची जूनची नोंद त्या तिघींपैकी एक. फेन्स मध्ये घातल्यावर त्या तिन्ही अवस्था उरतच नाहीत. ओळी जास्त असतील तर आकडा भराभर फुगतो, दर ओळीला निदान दुप्पट, म्हणून दोन फेन्समधलं लेखन आटोपशीर ठेवणं चाचणीसाठीही बरं.

याच नोंदकाने लाईट न जाताच चौथा दोष दाखवला. फेन्सच्या आधी वीज गेली तर कप्प्यात अनुक्रमांक जुना आणि मजकूर अर्धा नवा. नवी नोंद म्हणून रिकव्हरी तो घेत नाही, हे ठीक. पण रिंग भरलेली असेल तर तोच कप्पा सगळ्यांत जुनी नोंद म्हणून वैध ठरतो, आणि लॉगच्या शेपटाला फाटलेली नोंद चिकटते! आम्ही सगळे डोक्याकडे पाहत होतो, शेपटाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. लिहिण्याआधी जुना अनुक्रमांक पुसून, फ्लश करून, फेन्स देऊन मग मजकूर उतरवणं हा एक मार्ग. त्यात दर नोंदीला तिसरा फेन्स पडतो. आम्ही दुसरा घेतला: उठल्यावर शेवटच्या चांगल्या नोंदीच्या लगेच पुढचा कप्पा रिकव्हरी कधीच खरा धरत नाही. रिंगमधला एक कप्पा वाया जातो, तेवढंच.

त्याच बदलात कप्पा १९२ वरून २५६ बाइटांवर नेला. ऑप्टेन आत २५६ बाइटांच्या गठ्ठ्याने लिहितं. त्याहून लहान तुकडा दिला की आधी वाचून, मिसळून मग लिहावं लागतं.

तुमचं प्रकरण यात बसत नसेल तर

तुमचं लेखन फाइल सिस्टिममधून होत असेल आणि तुकडा ४०९६ चा असेल तर आधी डॅक्स खरंच चालू आहे का ते पाहा. कर्नल ५.८ पासून ईएक्सटी४ आणि एक्सएफएसमध्ये डॅक्सचे तीन पर्याय आहेत: नेहमी, फाइलगणिक, कधीच नाही. फाइलगणिक असेल तर माउंटची ओळ बघून भागत नाही. त्या फाइलला डॅक्सचा गुण लागला आहे का ते स्टॅटएक्स या सिस्टिम कॉलला विचारावं लागतं. डॅक्स नसेल तर एममॅप (फाइल मेमरीसारखी जोडून घेणारा कॉल) पेज कॅशेवर चालतो, आणि तुम्ही इमानाने फ्लश करत असता ते साध्या डीरॅमचं पान.

डॅक्स आहे, मजकूरही टिकलाय, पण फाइलचा नवा भागच गायब आहे किंवा तिथे भोक आहे, तर मॅप-सिंक लावलेला नाही. कर्नल ४.१५ मध्ये तो आला. तो लावला की पानावर पहिलं लेखन होतानाच फाइल सिस्टिम त्या पानाचा हिशेब, म्हणजे कुठला ब्लॉक कुठल्या फाइलचा ते, पक्का करते आणि मगच लिहू देते. त्याच्याशिवाय युजर स्पेसमधून नुसता सीएलडब्ल्यूबी पुरत नाही. एफसिंक किंवा एमसिंक करावाच लागतो.

नव्या मशीनवर चालतं आणि जुन्या मशीनवर फाटतं, असं असेल तर एनडीसीटीएल या कमांडने पर्सिस्टंट मेमरीच्या रीजनांची यादी काढा आणि 'पर्सिस्टन्स डोमेन' समोर काय लिहिलंय ते वाचा. 'मेमरी कंट्रोलर' असेल तर कॅशे वाचत नाही, फ्लश हवाच. 'सीपीयू कॅशे' असेल तर ते ईएडीआर मशीन आहे, वीज जाताना कॅशेसुद्धा खाली उतरवली जाते, आणि फ्लश विसरलेला कोडही तिथे खपून जातो. नॉन-टेम्पोरल स्टोअर वापरत असाल तर फेन्स मात्र तिथेही लागतो.

जुन्या लेखांत पीकमिट नावाची इन्स्ट्रक्शन दिसली तर तो भाग सोडून द्या. इंटेलने ती २०१६ मध्येच रद्द केली, कारण एडीआर सक्तीचं झाल्यावर रांगेसाठी वेगळी इन्स्ट्रक्शन लागेना. आर्मवर सीएलडब्ल्यूबीच्या जागी डीसी-सीव्हीएपी येतं आणि मागे डीएसबी. कर्नलची फंक्शनं वापरलीत तर हा फरक तुम्हाला दिसणारही नाही. हाताने असेम्ब्ली लिहू नका असं मी सांगतो ते यासाठी.

ऑप्टेन बंद करत असल्याचं इंटेलने जुलै २०२२ मध्ये जाहीर केलं, मग आता याचा उपयोग काय, असं एकाने विचारलं होतं. बसवलेले मॉड्यूल अजून चालू आहेत, आणि त्यांच्यावरचा डेटा लोकांचा आहे. शिवाय सीएक्सएलवरही, म्हणजे प्रोसेसरला मेमरी आणि इतर उपकरणं जोडायच्या नव्या मानकावरही, पर्सिस्टंट मेमरी येते. त्याच्या २.० आवृत्तीत, २०२० मध्ये, वीज जाताना सगळ्यांनी मिळून खाली उतरवायची 'ग्लोबल पर्सिस्टंट फ्लश' ही सोय आली. वाटेतले थांबे बदलतील. कुठल्या थांब्यानंतर लेखन वाचतं हे तिथेही विचारावंच लागेल.

सध्या कुंडईला प्रत्येक खंडानंतर आम्ही तीन आकडे वहीत उतरवतो: ऑप्टेन मॉड्यूलने मोजलेले शटडाऊन, शेवटचा 'साठवली' कळवलेला अनुक्रमांक, आणि रिकव्हरीला सापडलेला शेवटचा अनुक्रमांक. तिसरा आकडा दुसऱ्याएवढा किंवा त्याहून मोठा असला पाहिजे. कधी लहान निघाला तर मशीनला हात लावायच्या आधी पुढच्या कप्प्यांचे बाइट काढून ठेवायचे, आणि जुना भाग कुठे सुरू होतो, कुठे संपतो तेवढं मोजायचं.